सुगी आणि तिचे भाऊबंद

आपल्याकडे ‘सुगी’ म्हणजे धान्य घरात येण्याचा हंगाम. माझ्या ताईला मात्र हा शब्द ऐकला तरी शिंक येते! नोकरीनिमित्त ती टोकिओत राहते आणि तेथे सुगी हे एका उंच, सरळसोट सूचिपर्णी वृक्षाचे नाव आहे. पहिली दोन वर्षे सुखाची गेली. तिसऱ्या फेब्रुवारीत नाक वाहू लागले, डोळे चुरचुरू लागले, झोप उडाली. डॉक्टरांनी सुगीच्या परागांची ॲलर्जी सांगितली. एप्रिलच्या मध्यावर ते पराग ओसरले. शिंका मात्र तशाच!

आता हवेत हिनोकीचे पराग होते. हिनोकी हा सुगीच्याच, म्हणजे सायप्रसच्या कुळातला. दोघांच्या परागांतील मुख्य प्रथिनांची घडण सुमारे ८० टक्के सारखी. त्यामुळे शरीराने सुगीविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे हिनोकीच्या प्रथिनालाही चिकटतात. एकदा चोर पकडलेल्या राखणदाराने पुढे त्याच्या चुलतभावाचीही गचांडी धरावी, तसे. (खरे तर पहिलाही चोर नव्हताच, पण राखणदाराला कोण सांगणार?)

मग देवदार, पाइन यांचे काय? येथे नावे फसवतात. सुगीला इंग्रजीत ‘जपानी सीडर’ म्हणतात; टेक्सासमधला ‘माउंटन सीडर’ प्रत्यक्षात ज्युनिपर आहे. हे दोघे एका कुळातले. खरा सीडर म्हणजे हिमालयातला देवदार, आणि तो पाइनच्या कुळातला. म्हणून सुगीने बेजार झालेल्याला टेक्सासच्या हिवाळ्यातही शिंका येऊ शकतात. देवदाराखाली बहुधा येणार नाहीत. कोकण किनाऱ्यावरचा सुरू तर सूचिपर्णीच नव्हे, नुसता तसा दिसतो. बंगल्यांच्या फाटकाजवळची मोरपंखी मात्र सुगीची भाऊबंद!

मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून मला दुसरीच गोष्ट अधिक लागली. ही सुगीची वने बव्हंशी माणसानेच लावलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उघड्या पडलेल्या डोंगरांवर घरबांधणीच्या लाकडासाठी सुगी आणि हिनोकी लावले. पुढे परदेशी लाकूड स्वस्त पडू लागले, तोड मंदावली आणि झाडे पराग उधळण्याच्या वयाला पोचली. निक्को येथील रुग्णांवरून या विकाराची नोंद १९६४ मध्येच झाली होती.

२०१४ पासून जपानात सुगीच्या परागांपासून केलेले, जिभेखाली धरायचे औषध मिळते. ते काही वर्षे नेमाने घ्यावे लागते. हिनोकीवर त्याचा गुण सर्वांनाच येतो असे नाही. प्रथिनांत साम्य आहे, एकरूपता नाही. ताईने गेल्या जूनमध्ये ते सुरू केले. फेब्रुवारी बरा जाईल म्हणतात. एप्रिलबद्दल डॉक्टरांनी शब्द दिलेला नाही.