मन मोकळे करण्याचे स्थान

परीक्षेतील अपयश, घरातील कलह, सुटलेली नोकरी असे आघात माणूस बहुधा मनातच दडवतो. लोक हसतील, अशी भीती त्याला वाटते. मनात कोंडलेले दुःख मात्र वाढत जाते आणि प्रसंगी जिवावर बेतते. हे जाणून मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात आत्महत्या रोखण्यासाठी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. तेथील प्रशिक्षित स्वयंसेवक दूरध्वनीवरून व प्रत्यक्ष भेटीत लोकांच्या व्यथा ऐकून घेतात. ते कोणाला दोष देत नाहीत, उपदेश करीत नाहीत आणि ऐकलेले गुप्त ठेवतात. व्यथा शब्दांत मांडताना विचारांचा गुंता हळूहळू सुटू लागतो. परिस्थिती लगेच पालटत नाही. परंतु तिला तोंड देण्याचे बळ मिळते.