जॅकेटचं वाळवण

एप्रिल लागला की सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या घरांच्या धाब्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया पडतात. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेला आलेल्या घरांनी गाव सोडलं, पण वाळवण सोडलं नाही. वरून कडक झालेला बिबडा आतून दमट असू शकतो आणि तसा एक जरी डब्यात गेला तरी पावसाळ्यात सगळ्या डब्याला बुरशी धरते, हे या घरांतल्या बायकांना सांगावं लागत नाही. त्या नुसता हात फिरवून थांबत नाहीत, एखादा मोडून पाहतात.

याच घरांतली मुलं आता हिमालयात ट्रेकला जातात, कुणी शिकायला थंड देशांत जातं. त्यांच्याबरोबर घरात डाउन जॅकेट येतं. ते मळलं की बहुतेक वेळा साध्या पावडरीत भिजवलं जातं, पिळून दोरीवर टाकलं जातं आणि संध्याकाळी घडी करून माळ्यावर जातं. पुढच्या हिवाळ्यात काढावं तर कुबट वास आणि आत जागोजागी गाठी. खरं तर हे जॅकेट घरी उत्तम धुता येतं. फक्त त्याचं वाळवण बिबड्याइतकंच मन लावून करावं लागतं.

ऊब कुठून येते?

डाउन म्हणजे बदक आणि हंसाच्या अंगावर मोठ्या पिसांखाली असणारी मऊ लव. तिला पिसासारखी कडक दांडी नसते. एका बारीक बिंदूपासून चहूबाजूंनी तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. थंडी अडवते ती ही अडकलेली हवा. चांगल्या जॅकेटवर 650, 800 असे आकडे असतात. 800 चा अर्थ असा की एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम लव 800 घन इंच जागा व्यापते. आपल्या मापात सांगायचं तर एवढ्याशा वजनाची लव जवळजवळ 13 लिटरची बादली भरते.

1922 च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञाने बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून शिवलेला कोट नेला होता. आधी सोबत्यांनी त्याची थट्टा केली, पण वरच्या थंडीत तो कोट कामी आला. आजच्या जॅकेटची रीतही तीच आहे: बाहेर पातळ, वारा अडवणारं कापड, आत शिवलेले कप्पे आणि कप्प्यांत लव.

घाम, अंगाचं तेल, सनस्क्रीन आणि चुलीचा धूर यांनी हे तंतू एकमेकांना चिकटतात. मग हवा धरली जात नाही आणि जॅकेट चपटं पडतं. म्हणून ते धुवायला हवं, पण वारंवार नाही. वर्षातून आठ दिवस वापरलेल्या जॅकेटची कॉलर आणि बाह्यांची टोकं ओल्या फडक्याने पुसून ते वाऱ्यावर टांगलं तरी पुष्कळदा भागतं.

टबातलं धुणं

आधी आतली पट्टी वाचा. तिथे पॉलिस्टर भरलेलं असल्याचं लिहिलं असेल तर काम सोपं आहे, कारण पॉलिस्टर पाणी धरून ठेवत नाही. डाउन असेल तर कोरडं जॅकेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. ते पुढे उपयोगी पडेल.

खिसे रिकामे करून चेन लावा. कुठे शिवण उसवली असेल तर आधी शिवून घ्या, नाहीतर पाण्यात लव बाहेर येईल. साबण डाउनसाठीचाच घ्या. तो मिळाला नाही तर लोकरीच्या कपड्यांचा सौम्य पातळ साबण चालतो. रोजच्या पावडरीने लवेचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि ती ठिसूळ होते. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच अजिबात नको.

मोठ्या टबात गार किंवा कोमट पाणी घेऊन जॅकेट हलकेच दाबा. ते फुग्यासारखं वर येईल. दाबत राहा, घासू नका. मग फेस दिसेनासा होईपर्यंत तीन-चार पाण्यांतून काढा. मशीन समोरून उघडणारं असेल तर नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर धुता येतं. मध्ये खांब असलेल्या मशीनमध्ये मात्र शिवण फाटण्याचा धोका असतो.

ओलं जॅकेट खांद्याला धरून उचलू नका. भिजलेल्या लवेच्या भाराने आतले टाके तुटतात. तान्ह्या बाळाला उचलावं तसं खालून दोन्ही हात घालून उचला. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की पाणी निघतं.

वरून कोरडं, आतून ओलं

सुरत हे पॉलिस्टरच्या साड्यांचं शहर आहे. ते कापड किती पटकन वाळतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. जॅकेटच्या बाबतीत नेमकी तिथेच फसगत होते. बाहेरचं नायलॉन किंवा पॉलिस्टर लवकर कोरडं होतं आणि आतली लव ओल्या गोळ्यांच्या रूपात तशीच राहते.

घरी ड्रायर असेल तर कमी तापमानावर दोन-तीन टेनिसचे चेंडू घालून तीन-चार तास फिरवा. चेंडूंच्या माराने गाठी फुटतात. ड्रायर नसेल तर विणलेल्या खाटेवर आडवं पसरा, म्हणजे हवा खालूनही लागेल. वर पंखा सुरू ठेवा. थोडं ऊन दाखवायला हरकत नाही, पण दिवसभराच्या कडक उन्हाने कापड कमजोर होतं. दर दोन-तीन तासांनी पालटा आणि प्रत्येक कप्प्यातल्या गाठी बोटांनी अलगद सोडवा. पिंजारी गादीचा कापूस पिंजून पुन्हा फुगवतो, तसंच हे काम आहे. याला दोन-तीन दिवस लागतात. घाई म्हणून इस्त्री किंवा गरम हेअर ड्रायर लावू नका, कापड वितळेल.

सुरतेत याला उत्तम काळ उत्तरायणापासून मार्चपर्यंतचा, हवा कोरडी असते तेव्हाचा. मेमध्ये ट्रेकहून परतलात तर पाऊस येण्याआधी उरका. भर पावसाळ्यात धुऊच नका. अगदी गरज पडली तर एसी लावून बंद खोलीत वाळवा, एसी हवेतला ओलावा काढून घेतो. वाळलेलं जॅकेट छोट्या पिशवीत कोंबू नका. हँगरला किंवा सुती खोळीत सैल ठेवा, कारण दाबून ठेवलेली लव हळूहळू फुगणं विसरते.

वाळलं की नाही, हे कसं ओळखायचं? उजेडासमोर धरून काळपट गाठी दिसतात का ते पाहा. ओल्या पिसांचा वास येतो का ते पाहा. शेवटी पुन्हा काट्यावर ठेवा. आकडा धुण्याआधीच्या वजनावर आला असेल तर ओल गेली. जास्त भरत असेल तर ते जास्तीचं वजन आत राहिलेल्या पाण्याचं आहे, खाट आणखी एक दिवस अडवून ठेवा. बिबडा मोडून पाहता येतो, जॅकेट मोडता येत नाही. म्हणून तोलून पाहायचं.