सिगारेट सुटली, पण यंत्र सुटेना

गणपतीला पावसला येणारी माणसे आता नुसती मुंबईहून येत नाहीत. कुणी बोटीवरून सुट्टीवर उतरलेला असतो, कुणी दुबईहून आलेला असतो. बॅगेतून खजूर, अत्तर, चॉकलेटे निघतात आणि हल्ली अधूनमधून एक चपटी, रंगीत, पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तूही निघते. ‘सिगारेट सोडली, आता हेच,’ असे आणणारा सांगतो आणि घराला हायसे वाटते. पडवीत थोटके नाहीत, राख नाही आणि वास आला तरी तो आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा.

घरच्यांचा हा आनंद अगदीच खोटा नाही. जळत्या तंबाखूच्या धुरात हजारो रसायने असतात. त्यांपैकी निदान ७० कर्करोगाला कारणीभूत ठरतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो तो वेगळाच. सिगारेट पूर्ण बंद केली की एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. मात्र सहा-आठ महिन्यांनी त्याच माणसाच्या तोंडी वेगळा प्रश्न येतो : ‘हे यंत्र आता पुरत नाही. याच्यापेक्षा चांगले कोणते?’ हा प्रश्न दिसतो यंत्राचा, पण असतो निकोटिनचा.

यंत्र कसे बदलत गेले

ई-सिगारेट किंवा वेप हे मुळात साधे यंत्र आहे. एक बॅटरी, तारेचे एक छोटे वेटोळे म्हणजे कॉइल आणि निकोटिन मिसळलेला द्रव. झुरका घेतला की कॉइल तापते, द्रवाची वाफ होते आणि ती छातीत जाते. चीनमधले औषधशास्त्रज्ञ हॉन लिक यांनी २००३ मध्ये हे यंत्र आजच्या रूपात आणले. ते स्वतः सिगारेट ओढणारे होते आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते.

पहिली यंत्रे सिगारेटसारखीच दिसत आणि त्यांतून निकोटिन फारसे मिळत नसे. मग पेनासारखी, द्रव पुन्हा भरता येणारी आली. त्यानंतर बॅटरीचा जोर कमी-जास्त करता येणारी मोठी यंत्रे आली. २०१५ च्या सुमारास छोट्या पॉडचा जमाना सुरू झाला. या पॉडमध्ये निकोटिनला आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार वापरतात. साधे निकोटिन जास्त झाले की घशाला ओरखडते आणि माणूस आपोआप थांबतो. क्षाराने घसा जळत नाही, म्हणून पुष्कळ जास्त निकोटिन नकळत आत जाते. वेष्टनावर ‘५ टक्के’ लिहिले असेल, तर एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन असते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे.

म्हणजे ‘नवे मॉडेल’ घेताना माणसाला वाटते, आपण फक्त यंत्र बदलले. प्रत्यक्षात अनेकदा मात्रा वाढलेली असते.

थोटूक नसलेली सिगारेट

ओढलेले निकोटिन दहा-पंधरा सेकंदांत मेंदूत पोहोचते. तिथे क्षणभर बरे वाटते, आणि ओसरले की चिडचिड सुरू होते. मेंदूला याची सवय झाली की तेवढ्याच मात्रेत पूर्वीसारखे समाधान मिळत नाही. ‘यंत्र पुरत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

आणखी एक फरक लक्षात येत नाही. सिगारेट संपते. ती विझवावी लागते, दुसरी पेटवायला बाहेर जावे लागते, पाकीट रिकामे होते. डॉक्टरांनी विचारले तर ‘दिवसाला दहा’ असा आकडा सांगता येतो. वेपला थोटूक नाही. अंथरुणात, मोटारीत, न्हाणीघरात, कुठेही दोन झुरके घेता येतात आणि दिवसाअखेर मोजणी करायला काही उरत नाही. सिगारेटच्या काळात उठल्यावर तासाभराने पहिला झुरका घेणारा माणूस आता डोळे उघडण्याआधी उशीखाली हात घालतो. हे व्यसन वाढल्याचे लक्षण आहे.

जास्त ताकदीच्या यंत्राची दुसरी बाजू उष्णतेची. द्रवातले ग्लिसरिन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल फार तापले, विशेषतः द्रव संपत आला असताना, तर फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिनसारखी त्रासदायक रसायने तयार होतात. कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंशही वाफेत सापडले आहेत. वाफ म्हणजे पाण्याची वाफ नव्हे.

मग इंग्लंडात डॉक्टर का देतात?

हा प्रश्न वाजवी आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. इंग्लंडच्या सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांतल्या ८८६ जणांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना निकोटिनचे च्युइंगगम, पट्टी वगैरे. दोन्ही गटांना समुपदेशन होतेच. वर्षानंतर ई-सिगारेट गटातले १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. म्हणजे यंत्राचा उपयोग झाला.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कमी सांगितला जातो. सिगारेट सुटलेल्यांपैकी वर्षाअखेर ई-सिगारेट गटातले ८० टक्के लोक अजून यंत्र ओढत होते. दुसऱ्या गटात दिलेले औषध अजून वापरणारे फक्त ९ टक्के होते. नदी ओलांडायला तर उपयोगी पडली, पण बहुतेक उतारू पलीकडे उतरलेच नाहीत.

शिवाय तिथे यंत्राची विक्री कायदेशीर आहे, मात्रा ठरलेली आहे आणि समोर समुपदेशक आहे. आपल्याकडे यातले काहीच नाही. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, वाहतूक आणि जाहिरात बंद झाली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. योगायोग असा, की त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीत विक्रीला परवानगी मिळाली. त्यामुळे दुबईच्या दुकानातली वस्तू इथे आणणे हा गुन्हा ठरतो. बोटीवरच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : सिंगापुरात १ फेब्रुवारी २०१८ पासून ती नुसती जवळ बाळगणेही गुन्हा आहे.

चोरून मिळणाऱ्या मालाच्या वेष्टनावर काय छापले आहे याला अर्थ नसतो. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होऊन २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली. त्यांपैकी ६८ मृत्यू होते. बहुतेकांनी गांजातला अर्क घातलेला, खासगीत मिळवलेला द्रव ओढला होता आणि त्यात घट्टपणासाठी ‘ई’ जीवनसत्त्वाचे तेलकट संयुग मिसळलेले होते. आत काय आहे हे ओढणाऱ्यांना ठाऊकच नव्हते.

वर नव्हे, खाली उतरायचे

ज्याच्या हाती यंत्र आहे त्याने ते रागाने फेकून पुन्हा सिगारेट पेटवणे, हा सर्वांत वाईट मार्ग. दोन्ही चालू ठेवणेही तितकेच निरर्थक. दिवसाला दोन-तीन सिगारेटींनीही हृदयाचा धोका बराच उरतो. हातातले यंत्र हे शेवटचे, असे ठरवावे. सोडण्याची तारीख नक्की करावी आणि डॉक्टरांना सरळ सांगावे. कायद्यात नुसत्या ओढण्यासाठी शिक्षेचे कलम नाही, त्यामुळे तपासणीच्या खोलीत लपवण्याचे कारण नाही.

यंत्राऐवजी निकोटिनचे च्युइंगगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. उठल्यावर अर्ध्या तासात तलफ येणाऱ्याला सहसा ४ चे लागते आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. ते बडीशेपेसारखे भराभर चघळायचे नसते. हळू चावावे, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यावे, थोड्या वेळाने पुन्हा चावावे. चहा, कोकम सरबत, सोलकढी घेतल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषले जात नाही. साधारण १२ आठवड्यांत मात्रा कमी करत थांबायचे असते. निकोटिनची पट्टी तसेच व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधेही आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. फिट्स येणाऱ्याने ब्युप्रोपिऑन घेऊ नये.

पहिले तीन-चार दिवस जड जातात. तलफेची एकेक लाट काही मिनिटांत ओसरते. ती केव्हा येते हे ज्याचे त्याला ठाऊक असते : जेवणानंतर, संध्याकाळी बंदरावर, आंब्याच्या पेट्या भरताना रात्रीच्या चहाबरोबर. त्या वेळेला पाणी, लवंग, दोन पावले चालणे असे काहीतरी आधीच ठरवून ठेवावे. मशेरी किंवा तंबाखूची चिमूट मात्र नको. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्याकडे पाय घसरतो तो तिकडे.

घरात लहान मूल असेल तर द्रवाची बाटली एक दिवसही हाताशी ठेवू नये. गोड वासाचे ते पाणी पोटात गेले तर उलट्या, झटके आणि जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. गर्भवतीसमोर ही वाफ सोडू नये.

मदतीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही या सेवेत आहे. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही करता येते. तिथे ‘कोणते यंत्र घेऊ’ याऐवजी ‘हे कधी आणि कसे सोडू’ असे विचारावे. ज्याने सिगारेट सोडून दाखवली, त्याने अवघड अर्धे काम आधीच केले आहे.