गोल टोकांचा फाँट: कुठे वापरायचा, कुठे नाही?

आजचा विषय गोल टोकांचे भौमितिक फाँट. ओळखीचं उदाहरण म्हणजे व्हॅग राउंडेड. १९७९ साली तो फोक्सवॅगनसाठी बनला. पुढे अनेक वर्षं ॲपलच्या कीबोर्डवर होता.

यात रेषांची जाडी जवळपास सारखी, 'ओ' जवळपास वर्तुळ आणि टोकं गोल. वाटतं, कोपरे घासले की झालं! पण तसं नसतं. चौकोनी अक्षराएवढ्याच उंचीचं वर्तुळ डोळ्याला लहान दिसतं, म्हणून 'ओ' ओळीच्या किंचित वर-खाली काढतात. आडवी रेघ जाड भासते, म्हणून ती जराशी बारीक ठेवतात.

देवनागरीत आणखी एक गंमत आहे, शिरोरेषा! प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्हीकडून गोल केली, तर जोडावर खाचा दिसणार. म्हणजे गोलाई कुठे थांबवायची, हेही ठरवावं लागतं. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बालू' मोफत आहे, मोठ्या आकारात लावून बघा.

मी ॲप बनवतो, त्यामुळे माझा नियम सोपा: नाव, हेडिंग, बटण, लहान मुलांचा गेम इथे बिनधास्त वापरा. पण बँकेच्या फॉर्ममध्ये नको. आयएफएससी कोडचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे शून्य आणि 'ओ' सारखेच गोल दिसले, तर पैसे पाठवणारा अडकलाच.

फाँट निवडण्याआधी शून्य-ओ आणि एक-एल-आय शेजारी टाइप करा, लहान आकारात. वेगळे ओळखू आले, तरच पुढे जा.