क्रँकशाफ्ट सेन्सर खरंच बिघडला आहे का, हे कसं ओळखतात?

तासभर व्यवस्थित चाललेली गाडी ऐन घाटात बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी सुरू होत नाही. अर्ध्या तासाने मात्र एका झटक्यात सुरू होते. अशा वेळी पहिला संशय बऱ्याचदा क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर येतो. संशय रास्त असतो, पण तपासणी न करता सेन्सर बदलला, तर पैसे जातात आणि गाडी पुन्हा एखाद्या वळणावर बंद पडू शकते. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की अनेक गाड्यांत स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. म्हणून खरा दोष सापडणं महत्त्वाचं.

सेन्सरचं काम काय?

क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. अनेक गाड्यांत या चाकावर ६० दात्यांची जागा असते, पण त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. दाता समोरून गेला की सेन्सरकडून विजेचा एक ठोका ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, जातो. दोन दात्यांची रिकामी जागा आली की शाफ्ट नेमका कुठे आहे, ते ईसीयूला कळतं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २,९०० ठोके पोहोचतात. इंधन कधी सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे त्यावरून ठरतं. ठोके थांबले की बरीचशी इंजिनं बंद पडतात.

कोडचा अर्थ

स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड आला, तर या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढंच समजतं. सर्किटमध्ये सेन्सरबरोबर वायरी, कनेक्टर आणि ईसीयूही येतात. पी ०३३६ आला, तर सिग्नल पोहोचतो आहे, पण तो अपेक्षेप्रमाणे नाही.

तपासणीचा क्रम

१. आधी बॅटरी. इंजिन हळू फिरलं, तर काही सेन्सरांचा सिग्नलच क्षीण होतो.

२. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनचे फेरे पाहावेत. इंजिन फिरत असूनही आकडा शून्य राहिला, तर सिग्नल पोहोचत नसल्याची शक्यता मोठी.

३. मग डोळ्यांनी पाहणी. कनेक्टरमध्ये तेल किंवा गंज, एक्झॉस्टच्या उष्णतेने वितळलेली वायर, सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस, हे सगळं सेन्सर न बदलताही दुरुस्त होतं.

४. शेवटी मल्टिमीटर. दोन वायरींचा सेन्सर बहुधा चुंबकीय कॉइलचा असतो. त्याचा रोध साधारणपणे काहीशे ते हजारभर ओहम भरतो; नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा. त्याचा रोध मोजू नये, आतलं सर्किट खराब होऊ शकतं. त्याला ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग मिळतं का, ते पाहावं. दोन्ही ठीक असून सिग्नल येत नसेल, तर सेन्सरवरचा संशय पक्का होतो.

गरम असतानाच मोजमाप

कॉइलची बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून तुटलेल्या जागी संपर्क सोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. त्यामुळे थंड इंजिनवर घेतलेला चांगला आकडा सेन्सर निर्दोष ठरवत नाही. गाडी बंद पडलेली असतानाच मोजणं खरं.

ऑसिलोस्कोप असेल, तर काम आणखी सोपं होतं. पडद्यावर ५८ सारख्या लाटा आणि मग एक मोकळी जागा दिसली पाहिजे. प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी लाट गायब असेल, तर चाकाचा दाता तुटलेला असू शकतो, आणि तो दोष नवा सेन्सर बसवून जात नाही. लाटा कुठेही, कशाही गळत असतील, तर सेन्सर किंवा वायरिंग. वायर हलवून पाहिल्यावर गळती बदलली, तर दोष वायरिंगमध्येच.