मेडिकल की नॉन-मेडिकल?

पंधराव्या वर्षी निवडलेले विषय मुलाचं आयुष्य ठरवतात का? चंदीगडच्या घराघरात दर उन्हाळ्यात उठणारा हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही गाजला होता.

पुण्याहून किंवा नागपूरहून बदली होऊन चंदीगडला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिला धक्का बसतो तो तिथल्या थंडीचा. दुसरा बसतो मुलाच्या दहावीच्या निकालानंतर. पेढा तोंडात टाकता टाकता शेजारीण विचारते, ‘‘मेडिकल लेगा या नॉन-मेडिकल?’’ पोरगं अजून अकरावीत गेलेलं नाही आणि ही थेट डॉक्टरकीच्या गोष्टी करते, असं आईला वाटतं. मग उलगडा होतो. पंजाब, हरियाणा आणि चंदीगडमध्ये भौतिक व रसायनशास्त्राच्या जोडीला जीवशास्त्र घेतलं की ‘मेडिकल’ आणि गणित घेतलं की ‘नॉन-मेडिकल’. बाकीच्यांसाठी कॉमर्स, ह्युमॅनिटीज आणि व्यवसाय शिक्षणाचे अभ्यासक्रम.

महाराष्ट्रात अकरावी सायन्सला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन निर्णय दोन वर्षं पुढे ढकलणारी मुलं पुष्कळ. चंदीगडला मात्र शाखेच्या नावातच वाट ठरलेली. गणित सोडलं की बहुतेक इंजिनिअरिंग शाखांचं दार मिटतं; जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकीचं. हे दुसरं दार नंतर जादा पेपर देऊन उघडता येतं, पण त्यासाठी वेळ आणि उमेद दोन्ही पुन्हा खर्चावं लागतं.

खरं तर या शहराने मुलांचा विचार आधीच केला होता. अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी चंदीगडचा पहिला आराखडा केला आणि १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांनी तो नव्याने मांडला. साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असे सेक्टर आखले गेले. वेगवान रस्ता न ओलांडता मुलांना चालत शाळेत जाता यावं, म्हणून शाळा सेक्टरच्या आत, हिरव्या पट्ट्यात ठेवल्या. पण अकरावीला सरकारी शाळांचे प्रवेश एकत्रित यादीने, गुणांनुसार होतात आणि प्रत्येक शाळेत प्रत्येक शाखा नसते. शाळा घराजवळ आली. हवा तो विषय मात्र चार सेक्टर पलीकडे राहिला.

मुलाने काय शिकायचं हे कुणी ठरवावं आणि किती लवकर? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन हायस्कुलांपुढे हाच पेच होता. ती गोष्ट आपणही ऐकण्यासारखी आहे, कारण त्या शाळांमध्ये आपला एक मराठी मुलगाही शिकत होता.

दहा जणांची समिती

१८९२ साली अमेरिकेतल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने दहा जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते हार्वर्ड विद्यापीठाचे प्रमुख चार्ल्स एलियट. हायस्कूलमध्ये काय शिकवावं, एवढाच प्रश्न होता. तेव्हा लॅटिनचा मोठा दबदबा होता. १९०० च्या सुमाराला जवळजवळ निम्मे विद्यार्थी लॅटिन शिकत. त्याशिवाय बीजगणित, भूमिती, इंग्रजी, इतिहास, भूगोल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, फ्रेंच किंवा जर्मन.

समितीने चार वेगवेगळे अभ्यासक्रम सुचवले, पण एक तत्त्व ठाम सांगितलं. एखादा विषय शिकवायचाच असेल, तर तो सगळ्यांना सारखाच शिकवावा. मूल पुढे कॉलेजात जाणार की कामाला लागणार, हे पाहून त्यात भेद करू नये. न्हाव्याच्या मुलाला वेगळं बीजगणित आणि न्यायाधीशाच्या मुलाला वेगळं, असं चालणार नाही.

तत्त्व चांगलं होतं, पण काळ झपाट्याने बदलला. १८९० मध्ये १४ ते १७ वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण सात हायस्कुलात होती. १९३० पर्यंत निम्मी झाली. शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची, नुकत्याच येऊन पोहोचलेल्या परदेशी कुटुंबांची मुलं वर्गात बसू लागली. या मुलांना लॅटिन कशाला, अशी विचारणा सुरू झाली. टाइपरायटिंग, लघुलेखन, हिशेबनीस, सुतारकाम, लोहारकाम, शिवण, स्वयंपाक हे विषय शाळेत आले. १९१७ मध्ये शेती, कारखान्यातले उद्योग आणि गृहशास्त्र शिकवण्यासाठी केंद्र सरकारचा पैसाही मिळू लागला.

यात चूक काय? हाताला काम शिकवणं वाईट नव्हतंच. वाईट झालं ते वेगळंच. मुलाची आवड पाहण्याऐवजी त्याचं घर पाहून त्याला वाट दाखवली जाऊ लागली.

प्रयोगशाळेतून चुलीपर्यंत

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच झालं. गृहशास्त्राची चळवळ उभी करणाऱ्या एलेन रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ होत्या. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेतून १८७३ साली पदवी घेणारी ही पहिली स्त्री. पिण्याच्या पाण्याचे हजारो नमुने त्यांनी तपासले. अन्नातली भेसळ शोधली. घर स्वच्छ ठेवायचं तर जंतू, हवा, पाणी आणि अन्न यांचं शास्त्र बाईला कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पण हायस्कुलात पोहोचेपर्यंत त्या शास्त्रातली प्रयोगशाळा मागे पडत गेली आणि पुष्कळ ठिकाणी शिवण-स्वयंपाकच उरला.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. चंदीगडच्या सेक्टर १० मध्ये १९६१ पासून सरकारी गृहविज्ञान महाविद्यालय आहे. आहारशास्त्र, बालविकास, वस्त्रशास्त्र हे तिथले विषय. तरीही ‘होम सायन्स म्हणजे लग्न होईपर्यंतचं शिक्षण’ असं म्हणणारे नातेवाईक कोणत्या घरात नाहीत? रुग्णाचा आहार ठरवणाऱ्या मुलीला रसायनशास्त्र पक्कं यावं लागतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

एक मुलगा, किती शाखा?

आता त्या मराठी मुलाची गोष्ट. १९०७ साली गोव्यात जन्मलेला दामोदर कोसंबी १९१८ मध्ये वडील धर्मानंद आणि थोरली बहीण माणिक यांच्याबरोबर अमेरिकेतल्या केंब्रिजला गेला. धर्मानंद हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं काम करत होते. दामोदर तिथल्या हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये शिकला. कॉलेजची तयारी करून घेणारी लॅटिन शाळा आणि इंग्रजी हायस्कूल अशा दोन शाळा १९१० मध्ये एकत्र करून ही शाळा बनली होती. हातकाम शिकवणारी रिंज शाळा मात्र शेजारीच, पण वेगळी.

शालान्त परीक्षेत दामोदरने इतकं यश मिळवलं की हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्याला माफ झाली. तिथे जॉर्ज बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञाला वाटे, या मुलाने फक्त गणित करावं. दामोदरने ऐकलं नाही. मनाला येतील ते विषय घेतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळवली.

पुढचं सारं महाराष्ट्रासमोर घडलं. फर्ग्युसन कॉलेजात आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेलं सूत्र आनुवंशिकशास्त्रात गुणसूत्रांचे नकाशे करायला वापरलं जातं. जुनी नाणी तराजूत तोलून त्यांनी संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा इतिहास शोधला. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला वळण देणारा ग्रंथ लिहिला.

चंदीगडच्या फॉर्मवर या मुलाने कुठे खूण केली असती? गणितासाठी नॉन-मेडिकल, गुणसूत्रांसाठी मेडिकल, इतिहास आणि संस्कृतसाठी ह्युमॅनिटीज! अर्थात प्रत्येक मूल कोसंबी नसतं. शिवाय विद्वान वडील आणि चांगली शाळा हे भाग्य शेजारच्या हातकामाच्या शाळेतल्या पोराला लाभलं नव्हतं. पण त्या पोरांपैकी कुणाला इतिहासाची ओढ होती, हे कुणी विचारलं होतं का?

फॉर्म भरण्यापूर्वी

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, विज्ञान, वाणिज्य यांच्यातल्या पक्क्या भिंती नकोत, असं म्हटलं आहे. कागदावरची भिंत पडायला वेळ लागत नाही. शिक्षक, वेळापत्रक आणि पालकांचं मन बदलायला लागतो. तोपर्यंत घरात चार गोष्टी नक्की करता येतात.

ही शाखा घेतली तर कोणती दारं मिटतात, याची यादी मुलासमोर बसून करा. चूक वाटली तर शाखा कधीपर्यंत बदलता येते, हे शाळेत आधीच विचारा. सीबीएसईत पाच विषयांखेरीज सहावा जादा विषय घेता येतो. मेडिकलच्या मुलीला गणित सोडवत नसेल, तर शाळेत त्याची सोय आहे का ते पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गुणपत्रिका बाजूला ठेवून एकदा विचारा, ‘‘परीक्षा नसती तर तू कोणतं पुस्तक उघडलं असतंस?’’

एवढं झाल्यावर शेजारणीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हरकत नाही. पण ते मुलालाच देऊ द्यावं.