मुठे समुद्रातून येत नाहीत

मृगाचा पाऊस पडला की पेण-अलिबागच्या शेतांत रात्री बॅटरीच्या उजेडात मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, दिसू लागतात. ते खाडीतून वर चढून आले, असं सांगणारे हमखास भेटतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, तर मुठेही चढत असणार, हा त्यामागचा हिशोब.

पण मुठे कुठूनच येत नाहीत, ते तिथलेच असतात. उन्हाळाभर बांधातल्या नि ओढ्याकाठच्या बिळांत ओल धरून बसतात आणि जमीन भिजली की बाहेर पडतात. खेकड्याचा श्वास कल्ल्यांवर चालतो. कल्ले ओले आहेत तोवर तो पाण्याबाहेरही खुशाल हिंडतो.

चिंबोरी आणि मुठा यांच्यातला खरा फरक पिल्लांत आहे. खाडीतली चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. अंडी लाखांच्या घरात. त्यांतून निघणारी पिल्लं खेकड्यासारखी दिसतसुद्धा नाहीत. ती प्रवाहाबरोबर तरंगत राहतात आणि बहुतेक कुणाच्या तरी पोटात जातात. मुठ्याची मादी मोजकीच पण मोठी अंडी घालते, पोटाखालच्या पडदीत सांभाळते. त्यांतून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो, आणि तोही काही काळ आईच्या पोटाखालीच राहतो. समुद्राचं काम कुठेच पडत नाही. म्हणून तर खेकडे घाटमाथ्यावरही सुखाने नांदतात. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पठारावरच्या अशाच खेकड्यांविषयी लिहिलं आणि वेस्टवूड यांनी 1836 मध्ये त्यांना शास्त्रीय नाव दिलं. आज ती जात बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस म्हणून ओळखली जाते.

पिल्लं पाण्याबरोबर दूर जात नसल्याने सह्याद्रीत काही जाती अगदी थोड्याशा भागापुरत्या उरतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या समीर कुमार पती आणि आर. एम. शर्मा यांनी 2014 मध्ये घाटाच्याच नावावरून ‘घाटियाना’ ही नवी प्रजाती मांडली. सह्याद्रीतले सगळे खेकडे कधीच मोजून झाले, ही समजूतही तेव्हा निकालात निघायला हवी होती.

गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं गणित नेमकं उलटं. मॅक्रोब्रेकियम रोझनबर्गी वाढते नदीत, पण तिची पिल्लं निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाहीत. त्यांना मचूळ पाणी लागतं. मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते, वाढलेली पिल्लं परत वर चढतात. मध्ये बंधारा आला की त्यांची वाट अडते. तेव्हा ‘नदीची’ कोळंबी वाचवायची तर खाडीही जपावी लागेल.

आता अवस-पुनवेकडे. अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ, असं बाजारात ठामपणे सांगतात. चिंबोरी पोकळ लागते ती कात टाकल्यामुळे. जुनं कवच टाकलं की ती पाणी शोषून फुगते, नवं कवच मोठं होतं आणि आतलं मांस भरायला वेळ लागतो. प्रत्येकीची कात आपल्या वयाप्रमाणे, खाण्याप्रमाणे पडते, म्हणून एकाच टोपलीत दोन्ही प्रकार सापडतात. शिवाय उधाण दोन्ही तिथींना येतं, त्यामुळे भरतीचं कारणही पुढे करता येत नाही. पंचांगापेक्षा पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबून पाहणं बरं. ते दबलं तर चिंबोरी ठेवून द्यावी.

सगळ्यात गाजलेला गैरसमज रायगडशेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातला. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, घरं आणि माणसं वाहून गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांवर टाकला. विरोधकांनी मग खेकडे पोलीस ठाण्यात नेले.

खेकडे बांध पोखरतात हे खोटं नाही. रायगडच्या खारभूमीत ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. समुद्राकडच्या मातीच्या बांधाला बिळं पडायची, उधाणात खांड जायची, म्हणून जोळ पद्धतीने सगळं गाव मिळून बांध राखायचं. खेकडे तेव्हाही होतेच, फक्त बिळं वेळेवर बुजवली जायची. धरणाची भिंत तर बांधापेक्षा कितीतरी रुंद, आणि तिच्या देखभालीची जबाबदारी खेकड्याची नव्हे. माझा तर्क आणखी साधा आहे: ओल नसेल तिथे खेकडा राहत नाही. धरणाच्या पाणी नसलेल्या बाजूला खेकडे माजले असतील, तर आधी तिथे ओल कुठून आली ते विचारायला हवं. तिवरेच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार धरण फुटण्याआधीच केली होती.